कायद्याच्या चार गोष्टी : जुन्याला जुने जोडले तर शोध होतो काय?

शिरोली एम.आय.डी.सी.त ड्रिल मशीनवर काम करणाऱ्या एका बांधवाचे पत्र आले आहे. नाव छापू नका असे त्यांनी लिहिले आहे, म्हणून छापत नाही. हकीकत थोडक्यात अशी. कास्टिंगला भोके पाडायची तर जॉब फिक्स्चरमध्ये बसवून चार नट पान्याने आवळावे लागत, आणि भोके पडली की पुन्हा सोडवावे लागत. पाळी संपेपर्यंत मनगट भरून येई. या बांधवाने भंगारवाल्याकडून ट्रकच्या ब्रेकचा हवेचा जुना सिलिंडर आणला, तो फिक्स्चरला जोडला आणि पायाने दाबायचा व्हॉल्व्ह खाली बसवला. आता पाय दाबला की जॉब पकडला जातो, सोडला की सुटतो. शेजारचा ऑपरेटर म्हणतो, "याचे पेटंट घे, घर बांधशील." सुपरवायझर म्हणतो, "यात तुझे काय आहे? सिलिंडर जुना, फिक्स्चर जुने." दोघांतले खरे कोण, असा या बांधवाचा प्रश्न आहे.

या सदरात आपण वारसनोंद, प्रॉव्हिडंट फंड, पोटगी असे विषय घेत आलो. पेटंटचा कायदा म्हणजे मोठ्या कंपन्यांचा आणि काळ्या कोटातल्या मोठ्या वकिलांचा मामला, असा आपला समज असतो. पण क्षयाच्या गोळीची किंमत ज्या कायद्याने ठरते तो कायदा आपल्या चाळीत येऊन बसलेलाच आहे. म्हणून आज थोडे सविस्तर लिहितो.

पेटंट म्हणजे सरकारने दिलेली मक्तेदारी. नवी वस्तू किंवा नवी रीत शोधणाऱ्याने ती सरकारदरबारी उघड करून लिहून द्यायची. बदल्यात वीस वर्षे ती वस्तू दुसऱ्या कुणी त्याच्या परवानगीवाचून करायची नाही. वीस वर्षांनंतर ती सर्वांची. व्यवहार सरळ आहे. पण वीस वर्षांची मक्तेदारी फुकट वाटायची चीज नव्हे, म्हणून कायदा दोन प्रश्न विचारतो. पहिला, हे आधी कुणी केले होते काय? दुसरा, आधी कुणी अगदी हेच केले नसेल, तरी त्या धंद्यातल्या जाणत्या माणसाला हे सहज सुचण्याजोगे होते काय? पहिल्या प्रश्नाला नावीन्याचा प्रश्न म्हणतात. दुसरा आहे शोधकतेचा, आणि बहुतेक सगळी भांडणे या दुसऱ्यावरच होतात.

पहिला प्रश्न सोपा का? तर तिथे एकच जुना कागद किंवा एकच जुनी वस्तू दाखवावी लागते, आणि दावा केलेले सगळेच्या सगळे त्या एकाच ठिकाणी असावे लागते. अर्धे एका पुस्तकात आणि अर्धे दुसऱ्यात, हे तिथे चालत नाही. दुसऱ्या प्रश्नात मात्र दोन-तीन जुन्या गोष्टी शेजारी ठेवून विचारता येते, की बाबा रे, या तुझ्यासमोर होत्या तर यांची मोट बांधायला तुला खास अक्कल लागली, की कुणीही बांधली असती? पत्रातल्या बांधवाचे नेमके हेच आहे. सिलिंडर एकीकडचा, फिक्स्चर दुसरीकडचे.

आपल्या देशात या प्रश्नावरचा सर्वात गाजलेला निकाल योगायोगाने लेथ मशीनवरचाच आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ज्यांचे आयुष्य गेले त्यांना तो वकिलापेक्षा लवकर कळेल.

उत्तर प्रदेशात मिर्झापूर म्हणून गाव आहे. तिथे पितळेची आणि जर्मन सिल्व्हरची भांडी बनतात. ताट, परात असले उथळ भांडे लेथवर फिरवून घासायचे, तासायचे, चकाकी आणायची, असा तिथला धंदा. जुनी पद्धत अशी की भांडे हेडस्टॉकला धरायचे. एकतर तापवले की मऊ होणाऱ्या चिकट मसाल्याने चिकटवायचे, नाहीतर चकच्या जबड्यात पकडायचे. मागून आधार काही नाही. त्यामुळे काम चालू असताना भांडे उडून अंगावर येण्याचा धोका असे. फिरते पितळी ताट सुटून आले तर कारागिराचे काय होत असेल हे आपल्याला सांगायला नको.

हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज या फर्मच्या एका भागीदाराने यावर तोड काढली. पुढे भांड्याच्या आकाराचा साचा आणि मागून टेलस्टॉकमधून दाबणारा दांडा, आणि दोहोंच्या मध्ये भांडे दाबून धरायचे. भांडे सुटत नाही, काम लवकर होते, चकाकी चांगली येते. १९११ च्या जुन्या पेटंट कायद्याखाली त्याला पेटंट मिळाले, १९५१ च्या डिसेंबरपासून लागू असलेले. मग त्याच गावातली बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम ही फर्म तीच पद्धत वापरते म्हणून दावा गुदरला गेला. बिश्वनाथवाल्यांनी उलट अर्ज केला की पेटंटच रद्द करा, यात नवे काहीच नाही.

आता गंमत पाहा. अलाहाबाद हायकोर्टाच्या एका न्यायमूर्तींनी पेटंट रद्द केले. त्याच हायकोर्टाच्या वरच्या खंडपीठाने अपिलात ते पुन्हा उभे केले. आणि सुप्रीम कोर्टाने १९७८ च्या डिसेंबरात खंडपीठाचा निकाल उलटवून पहिल्या न्यायमूर्तींचा कायम केला. पेटंटापासून शेवटच्या निकालापर्यंत सत्तावीस वर्षे गेली. एका ताटाला मागून आधार द्यावा हे सुचायला अक्कल लागते की नाही, एवढ्यासाठी!

सुप्रीम कोर्टाचा निकाल न्यायमूर्ती सरकारिया यांनी लिहिला. त्याचा मतितार्थ असा. टेलस्टॉक ही लेथची फार जुनी वस्तू आहे. त्याचे कामच मुळी फिरत्या जॉबला मागून आधार देण्याचे. तोच टेलस्टॉक भांड्याच्या लेथवर आणून बसवला आणि बसवण्यात थोडा फरक केला, तर तो कारखान्यात रोजच्या कामातून होणारा सुधार झाला, पेटंटला लागतो तसला शोध नव्हे. जुन्या वस्तू एकत्र आणता येतात, पण त्यांनी एकमेकींच्या साह्याने काम करून काही नवे किंवा अधिक चांगले फळ दिले पाहिजे, आणि ते फळ धंद्यातल्या जाणत्या कारागिराच्या आवाक्याबाहेरचे असले पाहिजे. नुसते एकाशेजारी एक मांडणे म्हणजे शोध नव्हे. कोर्टाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. पेटंटावर सरकारी शिक्का बसला म्हणजे ते पक्के झाले असे नाही, कोर्टात त्याला कधीही आव्हान देता येते.

माझे स्वतःचे मत विचाराल तर मला त्या भागीदाराबद्दल थोडे वाईट वाटते. त्याच्या युक्तीने कारागिराचा धोका खरोखर कमी झाला होता. पण विचार करा, ते पेटंट टिकले असते तर मिर्झापूरच्या बाकीच्या छोट्या कारखानदारांना तीच सुरक्षित पद्धत वापरायला एका मालकाची परवानगी लागली असती. आय.टी.आय.त पहिल्या वर्षाचा टर्नरचा मुलगासुद्धा लांब जॉबला मागून सेंटर लावतो. सगळ्यांना ठाऊक असलेल्या गोष्टीवर एकाने कुंपण घालावे, हे कोर्टाला पटले नाही आणि ते बरोबरच झाले.

मिर्झापूरच्या खटल्यानंतर कायदा बदलला आहे. सध्याचा पेटंट कायदा १९७० चा. त्यात पुढे २००२ आणि २००५ च्या दुरुस्त्यांनी शोधकतेची व्याख्या आली, ती कलम २(१)(जेए) मध्ये आहे. आधीच्या ज्ञानापेक्षा तांत्रिक पुढचे पाऊल हवे, किंवा आर्थिक महत्त्व हवे, किंवा दोन्ही. आणि शिवाय त्या विषयातल्या जाणकाराला ते उघड दिसणारे नसावे. कलम ३(एफ) मध्ये सरळ सांगितले आहे, की माहीत असलेल्या वस्तू नुसत्या मांडल्या, फेरमांडल्या किंवा दुप्पट केल्या आणि प्रत्येक वस्तू आपापले जुने काम स्वतंत्रपणे करत राहिली, तर तो शोध नव्हे.

घरातले उदाहरण देतो. भाजीच्या हातगाडीला छत्री बांधली आणि छत्रीला बॅटरीचा दिवा लटकवला. गाडी गाडीचे काम करते, छत्री सावली देते, दिवा उजेड देतो. तिघांचा एकमेकांशी संबंध नाही. हे कलम ३(एफ). आता प्रेशर कुकर घ्या. भांडे, घट्ट झाकण, जादा वाफ सोडणारी झडप. झाकणावाचून झडप निकामी, झडपेवाचून घट्ट झाकण म्हणजे बाँब. तिघे मिळून आत दाब धरतात, पाणी शंभर अंशांच्या वर तापते आणि डाळ लवकर शिजते. सुटे भाग सुटे असताना जे करू शकत नव्हते ते एकत्र आल्यावर झाले. डेनिस पापिन नावाच्या फ्रेंच माणसाने १६७९ साली असे भांडे लंडनला दाखवले होते. त्याला कुणी नुसती जोडाजोड म्हणणार नाही.

तर आता शिरोलीच्या बांधवाला उत्तर. हवेच्या दाबाने जॉब पकडण्याची रीत कारखान्यांत फार जुनी आहे. ब्रेकच्या सिलिंडरचे कामही हवेने दांडा ढकलण्याचेच. तेव्हा दोन्ही शेजारी ठेवले तर जाणता फिटर म्हणेल, हे मलाही सुचले असते. मिर्झापूरचा टेलस्टॉक आणि तुमचा सिलिंडर ही जवळची भावंडे आहेत. पेटंट मिळणे कठीण दिसते, आणि एजंटाला पैसे देऊन बसू नका असाच माझा सल्ला आहे. पण सुपरवायझरचे "यात तुझे काय आहे" हे म्हणणे मात्र मला मान्य नाही. पेटंट न मिळणे वेगळे आणि तुमची हुशारी नसणे वेगळे. कारखान्यात सुधारणेच्या सूचनांना बक्षीस देण्याची योजना असेल तर लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. त्याच साधनात तुम्ही आणखी काही वेगळे केले असेल, ज्याने कुणाच्या ध्यानीमनी नसलेला फायदा झाला, तर गोष्ट बदलते. तसे असेल तर अर्ज करण्याआधी चारचौघांना दाखवत फिरू नका, कारण जगाला दाखवलेली वस्तू नवी राहत नाही. आणि मालकाला तुमच्या युक्तीवर अर्ज करायचा असेल तर कायद्याने अर्जाचा हक्क खऱ्या आणि पहिल्या शोधकाचा, किंवा ज्याला त्याने तो लिहून दिला त्याचा. नोकरीच्या करारपत्रात तसे काही आधीच लिहून घेतले आहे काय, ते वाचा. सही करताना कुणी वाचत नाही. शोधक म्हणून तुमचे नाव पेटंटावर यावे अशी मागणीही कायद्याने करता येते.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग जगात नवे असे काय उरले? प्रत्येक वस्तूचे तुकडे करून दाखवले तर तुकडा जुना निघणारच. लोखंड जुने, स्क्रू जुना, चाक जुने. हा आक्षेप खरा आहे आणि कोर्टांनाही ठाऊक आहे. उत्तर सापडल्यावर ते सोपे दिसते. कोडे सुटल्यावर "एवढेच होय" म्हणणारे गल्लीत पुष्कळ भेटतात, सोडवणारा एखादाच असतो. म्हणून कागदांची जोडाजोड करणाऱ्याला कोर्ट उलट प्रश्न विचारते. शोधाचा पत्ता नसलेल्या, पण अडचण ठाऊक असलेल्या कारागिराने हे दोन कागद एकत्र वाचले असते काय? का वाचले असते? दोन्ही एकाच धंद्यातले आहेत काय? एकाच अडचणीबद्दल बोलतात काय? एका कागदात दुसऱ्याची दिशा दाखवली आहे काय? की एक कागद उलट सांगतो, की या वाटेने जाऊ नका? दोन कागद जोडणे सहज पटते. सात-आठ कागदांतून एकेक ओळ उचलून गोधडी शिवावी लागली तर समजावे की गोधडी शिवणाऱ्याने आधी पेटंट वाचले आणि मग चिंध्या शोधल्या.

आपल्या मुंबई हायकोर्टातच याचे जुने उदाहरण आहे. जर्मनीची हेक्स्ट कंपनी आणि मुंबईची युनिकेम लॅबोरेटरीज यांच्यात टोलब्युटामाइड या मधुमेहाच्या गोळीवरून खटला झाला. निकाल १९६० च्या दशकाच्या अखेरचा, न्यायमूर्ती विमादलाल यांचा. अशा जातीची रसायने आधी माहीत होती, मग यात विशेष काय, असा युनिकेमचा बचाव होता. तो टिकला नाही आणि पेटंट कायम राहिले. रसायनात एक कण इकडचा तिकडे झाला की गुण काय येईल हे लेथसारखे डोळ्यांनी दिसत नाही, हा यातला कळीचा मुद्दा. पण याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा, की पेटंट टिकले म्हणजे गोळी एकाच दुकानाची झाली. औषधे लोकांना परवडावीत म्हणून १९७० च्या कायद्याने औषधाच्या पदार्थावर पेटंट देणेच बंद केले होते. जागतिक व्यापार कराराखातर ते २००५ पासून पुन्हा सुरू झाले. आपल्या देशातले औषध कारखाने मधल्या काळात वाढले आणि स्वस्त गोळ्यांसाठी जगभर ओळखले गेले.

हळदीची गोष्ट वाचकांनी ऐकली असेल. सांगलीच्या बाजारात हळदीचे सौदे होतात, तिथले हमाल-तोलाईदार आपल्या ओळखीचे आहेत. १९९५ च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला एक पेटंट मिळाले, ते जखम भरून येण्यासाठी हळद लावण्याचे आणि पोटात देण्याचे! शोधक म्हणून ज्यांची नावे होती ते दोघेही भारतीय वंशाचे. आपल्याकडे पोराचा गुडघा फुटला की आई आधी हळद दाबते. तरी त्या आईची साक्ष अमेरिकेत चालत नव्हती. तिथला त्या वेळचा कायदा असा होता, की अमेरिकेबाहेर एखादी गोष्ट लोक नुसती वापरतात एवढ्याने भागत नाही. छापलेला कागद दाखवा. हा नियम तिथे २०१३ पासून बदलला.

सी.एस.आय.आर. ही आपली सरकारी विज्ञानसंस्था, आणि तिचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर. गोव्यातल्या माशेलचे, वडील लहानपणीच गेलेले, आईने मुंबईत कष्ट करून वाढवलेले. त्यांनी १९९६ साली अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाकडे फेरतपासणी मागितली आणि ३२ छापील आधार पुढे ठेवले. त्यांत काही शंभर वर्षांहून जुने ग्रंथ होते आणि भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकातला १९५३ चा एक लेखही होता. १९९७ साली पेटंट कार्यालयाने दावे फेटाळले.

इथे एक बारकावा सांगितला पाहिजे, कारण पुष्कळांचा गोंधळ होतो. ३२ कागद दिले म्हणजे ३२ चिंध्यांची गोधडी शिवली असे नाही. जखमेवर हळद, हे आधीच्या कागदात थेट लिहिलेले होते. ३२ साक्षीदार येऊन एकच गोष्ट सांगतात, तेव्हा जोडायला काही उरत नाही. तो पहिला, नावीन्याचाच प्रश्न. तीन साक्षीदारांपैकी एकाला सुरुवात ठाऊक, दुसऱ्याला मधले, तिसऱ्याला शेवट, असे असते तेव्हाच जोडायचा प्रश्न येतो. हळदीचा खटला त्या मानाने सोपा होता. त्यातून धडा मिळाला तो वेगळाच, की कष्टकऱ्यांचे आणि बायाबापड्यांचे ज्ञान छापलेले नसते, आणि जे छापलेले नाही ते बाहेरच्या कार्यालयाला दिसत नाही. आपल्या कायद्यात मात्र दुरुस्ती होऊन पारंपरिक ज्ञानाला पेटंट नाकारणारे कलम ३(पी) आले, आणि स्थानिक समाजात तोंडी चालत आलेल्या ज्ञानाच्या आधारेही हरकत घेता येते असे कलम २५ मध्ये लिहिले आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली मिळाले ते पेटंट नव्हे, भौगोलिक निर्देशांकाची नोंद आहे. ती एका माणसाची नसते, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून आठ जिल्ह्यांतल्या कारागिरांची आहे. त्यावर पुन्हा कधी लिहीन.

आता क्षयाच्या गोळीकडे येतो, कारण हा सगळा काथ्याकूट त्यासाठीच केला.

साध्या औषधांना दाद न देणारा क्षय झाला की पूर्वी महिनोन्महिने इंजेक्शने घ्यावी लागत. त्यांतल्या काहींनी कान जात. रोग बरा व्हायचा आणि माणूस बहिरा व्हायचा. बेडाक्विलिन या गोळीला अमेरिकेत २०१२ च्या डिसेंबरात परवानगी मिळाली. क्षयावर सुमारे चाळीस वर्षांत आलेले ते पहिले नव्या जातीचे औषध. कंपनी जॉन्सन अँड जॉन्सन. मूळ औषधाचे भारतातले पेटंट २०२३ च्या जुलैत संपणार होते. कंपनीने त्याआधीच दुसरा अर्ज केलेला होता, तो त्याच औषधाच्या फ्युमरेट क्षाराचा, म्हणजे औषध फ्युमरिक नावाच्या आम्लाशी जोडून जो क्षार होतो त्याचा. तो अर्ज मंजूर झाला असता तर मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबली असती.

या अर्जाला २०१९ साली हरकत घेतली दोन तरुणींनी. एक मुंबईची नंदिता वेंकटेशन, दुसरी दक्षिण आफ्रिकेची फुमेझा टिसिले. दोघींनाही क्षय झाला होता, दोघी त्यातून वाचल्या, आणि दोघींचेही कान औषधांनी गेले होते. हरकत अर्ज गेला मुंबईच्या पेटंट कार्यालयात. आपल्या कायद्यात पेटंट मिळण्यापूर्वी कोणीही हरकत घेऊ शकतो. धंदेवालाच असला पाहिजे असे नाही, रुग्णही घेऊ शकतो. कलम २५(१) मधला 'कोणीही' हा शब्द माझ्या मते साऱ्या पेटंट कायद्यातला सर्वात मोलाचा आहे.

वादाचा गाभा हाच, जुन्याला जुने जोडण्याचा. मूळ औषध आधीच्या कागदांत होते. औषधाचा नीट विरघळणारा, टिकणारा क्षार करण्यासाठी वेगवेगळी आम्ले लावून पाहणे ही औषधशास्त्रातली नेहमीची रीत, आणि फ्युमरिक आम्ल त्या नेहमीच्या आम्लांपैकी. मग जाणत्या औषधतज्ज्ञाला हे सुचले नसते काय? कंपनीची बाजूही असते, की कोणता क्षार चांगला निघेल हे प्रयोगावाचून कळत नाही. खरे आहे. पण यादीतले एकेक लावून पाहणे आणि शोध लावणे यांत अंतर आहे. टोलब्युटामाइडच्या वेळी प्रश्न नव्या रेणूचा होता, इथे रेणू तोच होता आणि फक्त त्याचे रूप बदललेले. शिवाय २००५ पासून आपल्या कायद्यात कलम ३(डी) आहे. माहीत असलेल्या औषधाचे नवे रूप काढले तर रोगावरचा गुण खरोखर वाढला आहे हे दाखवा, नाहीतर पेटंट नाही. याच कलमावर सुप्रीम कोर्टाने १ एप्रिल २०१३ रोजी नोव्हार्टिस कंपनीचा रक्ताच्या कर्करोगावरच्या गोळीचा दावा फेटाळला होता. त्या प्रकरणात कंपनीविरुद्ध उभी राहिलेली कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही संस्थाही मुंबईचीच.

मुंबईच्या पेटंट कार्यालयाने २०२३ च्या मार्चमध्ये बेडाक्विलिनच्या क्षाराचा अर्ज नाकारला. शोधकता नाही आणि कलम ३(डी) आड येते, ही त्यातली मुख्य कारणे. जुलैत मूळ पेटंट संपले आणि दुसऱ्या कारखान्यांना ही गोळी बनवायची वाट मोकळी झाली. पुढे २०२४ च्या सप्टेंबरात केंद्र सरकारने या गोळीसह चार औषधांचा सहा महिन्यांचा उपचार राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमासाठी मंजूर केला. त्यात इंजेक्शन नाही. सरकारी दवाखान्यात क्षयाचा उपचार मोफत असतो हे वाचकांना माहीत आहेच, पण सरकारलाही गोळी विकतच घ्यावी लागते, आणि विकणारा एकच असला तर भाव त्याचा.

अशा निकालावर अपील कुठे करायचे, हेही सांगून ठेवतो. पूर्वी त्यासाठी वेगळे मंडळ होते. ते २०२१ साली बंद झाले. आता पेटंट कार्यालयाच्या हुकमावरचे अपील हायकोर्टात जाते. मुंबईचे पेटंट कार्यालय अँटॉप हिलला बौद्धिक संपदा भवनात आहे. पेटंट मिळण्यापूर्वीच्या हरकतीला पूर्वी फी नव्हती. २०२४ च्या नियमांनी ती लागू केली, आणि हरकत ऐकण्याजोगी आहे की नाही हे नियंत्रक आधी पाहतात, त्यामुळे अर्ज कच्चा लिहून चालत नाही. पेटंट मिळाल्यावर एक वर्षाच्या आतही हरकत घेता येते, मात्र तेव्हा 'कोणीही' हा शब्द राहत नाही, ज्याचा त्या विषयाशी संबंध आहे त्यालाच उभे राहता येते.